मिस्त्रींच्या घराचे मोसम

माणिक मिस्त्रींच्या दारावरचं तोरण एका टोकाला चौकटीच्या डोक्यावर चढलेलं असायचं आणि दुसऱ्या टोकाला आत येणाऱ्याच्या नाकाशी खेळायचं. बदली होऊन मी सिहोऱ्याच्या शाळेत आले, त्याच आठवड्यात हे पाहिलं. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत. शेजारधर्म म्हणून मी म्हणाले, "काका, डावीकडून जरा खाली आलंय."

मिस्त्री स्टुलावरून उतरले, मागे सरकले, एक डोळा मिटून तोरणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"एकदम लेव्हलमधी हाय, मॅडम."

मी मान डोलावली. नवीन गावात पहिल्याच आठवड्यात भांडण नको.

नंतर कळलं की अर्धं गाव याच माणसानं बांधलंय. गुडघे गेले म्हणून काम सोडलं, नाहीतर ओळंबा न सोडता नुसत्या नजरेने भिंत उभी करायचा, असं लोक अजून सांगतात. मी राहते ते घरही त्यांनीच बांधलेलं. त्याच्या कोपऱ्यात कपाट ठेवलं तर मागे पोस्टकार्ड जाईल एवढीही फट राहत नाही. आणि या माणसाच्या स्वतःच्या घरात एक खिळा सरळ नव्हता.

मिस्त्रींना घर सजवायचं वेड होतं. तेही दिवाळीला वगैरे नव्हे, बारा महिने. "मोसम बदलला का घराले कळलं पायजे," हे त्यांचं मत. आणि दुसरं मत, "बजेटमधी बसलं पायजे." मिस्त्रींचं बजेट म्हणजे गावात जे फुकट पडलंय ते. कोणाच्याही घरी रंगकाम निघालं की हे संध्याकाळी डबा घेऊन हजर. "तळाले उरलं असन तर फेकू नोका." त्यामुळे त्यांच्या बाहेरच्या खोलीची एक भिंत आमच्या शाळेच्या पिवळ्या रंगाची, एक बुद्धविहाराच्या निळ्या रंगाची, एक कोणाच्या तरी लग्नघराच्या गुलाबी रंगाची, आणि चौथी अर्धी हिरवी. अर्धी, कारण डबा संपला. तीही तिरकी अर्धी. डावीकडे हिरवा रंग छातीपर्यंत, उजवीकडे गुडघ्यापर्यंत.

"हे असं का?" मी विचारलं.

"डिझाइन हाय."

उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे परवडत नाहीत म्हणून राइस मिलमधून फाटका बारदाना आणून त्यांनी तो सपरीला, म्हणजे पुढच्या पडवीला, टांगला. दिवसातून अनेकदा त्यावर पाणी मारायचे. गारवा यायचा, खोटं कशाला बोलू, पण ओल्या कोंड्याचा असा वास सुटायचा की आमच्या गल्लीतल्या शेळ्या येऊन तो पडदा चावायच्या.

पावसाळ्यात कवेलू, म्हणजे छपराची कौलं, गळायची. खाली काहीतरी बांधायला हवं, म्हणून मिस्त्रींनी चौकातला एक जुना बॅनर उतरवून आणला. कोणा नेत्याचा वाढदिवस होता, तो होऊनही बरेच दिवस झाले होते. तो बॅनर त्यांनी छताखाली ताणला. आता खोलीत चहा प्यायला बसलं की वरून तो नेता हात जोडून आपल्याकडे पाहायचा. पाऊस लागला की पाणी साचून त्याचा एक गाल फुगायचा. मी एकदा त्या गालाखालीच बसले होते. मिस्त्री म्हणाले, "इकडं सरका मॅडम, साहेब आता थुंकन."

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि एक मुलगी बाहेर आली. पंचविशीची असेल. विस्कटलेले केस, मळका गाऊन. तिने वर पाहिलं.

"बाबा! हे काय करून ठेवलं? पाणी सगळं मधात येऊन राहिलं ना. उतार नाही का द्यायचा?"

"उतार देल्ला ना. एकदम लेव्हलमधी..."

"लेव्हलमध्ये आहे म्हणून तर साचते!"

ती स्टुलावर चढली, दोऱ्या सोडल्या, बॅनर एका बाजूला ओढून पुन्हा बांधला. पाणी सरसर करत कोपऱ्यातल्या बादलीत पडलं. मग ती उतरली, माझ्याकडे न बघता आत गेली आणि दार लावून घेतलं.

मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता, जणू कोणी त्यांचा सत्कार केला.

"माही पोरगी. प्रणाली," ते म्हणाले. "लय चिडते."

प्रणालीची हकीकत गावात सगळ्यांना माहीत होती, मला सांगायला कोणी आढेवेढे घेतले नाहीत. आई ती लहान असतानाच गेली. बापाने एकट्याने वाढवलं, शिकवलं, बालाघाटकडे लग्न करून दिलं. पहिलं बाळ झालं आणि चार दिवसांत गेलं. नवरा तिला इथे घेऊन आला, "आराम कर, मग न्यायला येतो" म्हणाला, आणि आला नाही. फोन लागेनासा झाला. मिस्त्री दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी त्यांना दारातूनच परत पाठवलं. तेव्हापासून पोरगी आतल्या खोलीत. खिडकी बंद, दिवा बंद. बाळाचं नाव त्या घरात कोणी काढत नसे. मिस्त्री तर नाहीच नाही.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रणाली बाहेर दिसायची ती फक्त मिस्त्रींनी काहीतरी बिघडवल्यावर. गौरींच्या वेळी त्यांनी साड्यांचं मखर केलं, त्याची एक बाजू लुळी पडली होती. प्रणाली आली, टाचण्या काढून पुन्हा लावल्या. नवरात्रात घटाच्या मागे चमकीचा कागद उलटा चिकटवला, पांढरी बाजू समोर. "बाबा, तुम्हाले दिसत नाही का?" असं म्हणत ती आली, आणि कागद काढता काढता खळीच्या वाटीपाशी घडीभर बसलीही. मी सपरीवरून पाहत होते. भांडण चाललं होतं, आणि मला ते भांडण फार आवडलं होतं.

दिवाळीत धान कापणीला आलं. मिस्त्रींनी ओळखीच्या शेतातून मूठभर लोंब्या आणून तोरण विणलं. विणलं मात्र इतकं सुबक की मी पाहतच राहिले. प्रत्येक लोंबी दुसरीच्या मापाची, गाठी एका रेषेत. आणि मग त्यांनी ते दारावर असं काही लावलं की एक टोक खिळ्याला आणि दुसरं जवळजवळ जमिनीला.

ते चहा ठेवायला आत गेले. इतकं सुंदर तोरण कोंबड्या खाऊन टाकतील म्हणून मी खालचं टोक उचललं आणि खिळा शोधू लागले.

"राहू द्या, मॅडम."

मिस्त्री कपबशी हातात घेऊन दारात उभे होते. आवाज नेहमीचा नव्हता.

"अहो, जरा सरळ..."

"तुमी सरळ केलं, तर पोरगी काहून येईन?" ते हळूच म्हणाले. आतल्या दाराकडे त्यांनी पाहिलं. "कालपासून जेवली नाई. आता वाकडं दिसलं का येते. शिव्या देते मले. देऊ द्या. तेवढं तरी बोलते."

मी टोक सोडून दिलं. ते पुन्हा जमिनीवर लोळलं.

त्या दिवशी प्रणाली आली खरी. बऱ्याच वेळाने आली, तोरण सरळ केलं, पण चिडली नाही. नुसतीच आत गेली. मिस्त्री दारात उभेच राहिले. कपातला चहा गार झाला होता.

थंडी सुरू झाली तसं तिचं येणं आणखी कमी झालं आणि मिस्त्रींची सजावट आणखी वाईट होत गेली. हसावं की रडावं कळेना. त्यांनी भिंतींना ऊब यावी म्हणून जुन्या वाकळा ठोकल्या, पण उलट्या, टाके बाहेर. कोणी आलं नाही. संक्रांतीला पतंग आणून छताला लटकवले, असे की चालताना प्रत्येकाच्या डोळ्यात जावेत. कोणी आलं नाही. बाहेरच्या खोलीतल्या पिवळ्या भिंतीवर त्यांनी जांभळ्या रंगाचे ठिपके दिले. ते दृश्य मी वर्णन करणार नाही. गावातली पोरं खिडकीतून पाहून खिदळत होती. मिस्त्री ब्रश हातात धरून आतल्या दाराकडे पाहत मोठ्याने म्हणत होते, "वा! एकदम लेव्हलमधी!"

दार हललं नाही.

"आज नाई आली," ते मला म्हणाले. "उद्या काही याच्याहून बेकार करतो."

पण याच्याहून बेकार करायला आता घरात जागा उरली नव्हती. मिस्त्रींचा चेहरा ओढला गेला. दाढी वाढली. गावातल्या एका दुकानदाराने उरलेल्या रंगाचा डबा दिला, तो त्यांनी न उघडताच कोपऱ्यात ठेवला.

होळीच्या आधी एका दुपारी मिस्त्री दवाखान्यात गेले होते, गुडघ्यासाठी. मी वरण-भात घेऊन गेले आणि आतल्या दारावर टकटक केली. प्रणालीने दार उघडलं. माझ्या हातातलं ताट घेतलं, खाली ठेवलं, आणि पुन्हा खाटेवर बसली. मी उंबऱ्यातच बसले.

"बाबांनी ठिपके दिलेत भिंतीला," मी म्हणाले. "बघितलेस?"

"बघितले. रात्री पाणी प्यायला उठते तेव्हा सगळं बघते." ती जरा थांबली. "मॅडम, बाबाचा हात वाकडा नाही. मले माहीत आहे."

मी ताटावरची माशी हाकलली.

"आधी खरंच राग यायचा. मग कळलं का मुद्दाम करून राहिले. तरी जायची. म्हटलं म्हाताऱ्याले बरं वाटते."

"मग आता का जात नाहीस?"

तिने ताटाकडे पाहिलं. "एक पडदा सरळ केला का त्यांना वाटते, पोरगी सुधरली. मग बाबा सकाळी मोठ्याने गाणं म्हणते. माझ्यासाठी जिलेबी आणते. मी पुन्हा आतमध्ये जाऊन पडते, तेव्हा त्यांचं तोंड पाहा तुम्ही. ते नाही पाहू वाटत मले. त्यापेक्षा त्यांनी आशा सोडलेली बरी."

"बाबांशी बोल ना एकदा."

"काय बोलू? त्यांनी तर कधी विचारलं नाही. आल्यापासून एक शब्द नाही विचारला. नुसतं घर रंगवते. मले वाटते का मी कोणाले जन्म देल्लाच नव्हता."

हे ती रडत म्हणाली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी हे मिस्त्रींना सांगावं की नाही, यावर दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना ते सपरीवर बसलेले दिसले. मी शेजारी बसले आणि सांगितलं. ठिपक्यांचं नाही, मुद्दाम वाकडं करण्याचंही नाही. फक्त शेवटचं सांगितलं, की ती म्हणते बाबांनी कधी विचारलं नाही.

मिस्त्री दुखरा गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, "मले वाटलं, याद केली का तिले तरास होईन." आणि जरा वेळाने, "माह्यानं ऐकवन नाई, मॅडम. मी बांधनारा मानूस. पडलेलं कसं पाहाचं, ते मले नाई येत."

त्यानंतर त्यांनी सजावट काढायला सुरुवात केली. पतंग, वाकळा, तो फुगऱ्या गालाचा नेता, सगळं. चुना भिजवला आणि चारही भिंती पांढऱ्या केल्या. गावात लोक म्हणाले, बरं झालं, म्हातारा शुद्धीवर आला. मला मात्र त्या पांढऱ्या खोलीची भीती वाटली. तिथे आता कोणाला बोलावणारं काहीच नव्हतं.

उन्हाळ्याची सुटी लागली. मी भंडाऱ्याला माहेरी जायला निघाले, तेव्हा किल्ली द्यायला मिस्त्रींकडे गेले. बाहेरची खोली रिकामी. हाक मारली, उत्तर नाही. आतल्या खोलीचं दार उघडं होतं.

आत अंधारच होता. खिडकी बंद होती. प्रणाली खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. खाली जमिनीवर, खाटेला पाठ टेकून, मिस्त्री बसले होते, आखडलेला गुडघा समोर लांब करून. माझी चाहूल त्या दोघांनाही लागली नसावी.

"मंग?" मिस्त्री म्हणत होते. "केस होते का?"

"होते. लय. काळे."

"आन?"

मला वाटलं ती झोपली.

"कान तुमच्यासारखे होते, बाबा. मोठे. नर्स हसत होती."

मिस्त्रींचा हात हळूच वर गेला. त्यांनी आपला कान बोटांत धरला आणि तसाच धरून बसले.

मी किल्ली बाहेरच्या खिळ्याला अडकवली आणि बसस्टॉपकडे निघाले.