मला सापडलेला छोटा ग्रह

आपापल्या ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारे छोटे ग्रह शोधणं हे माझं काम. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, तेवढं पकडायचं. त्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी संस्थेत चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवत असे. त्यामुळे परवा ग्रह सापडला तेव्हा मला आनंद झाला, आश्चर्य मुळीच नाही.

आणि काय देखणा ग्रह! पृथ्वीहूनही लहान. तिथे सकाळी ऑफिसला गेलेला माणूस घरी येईपर्यंत वर्ष सरतं. मी लगेच आईला फोन केला.

"राहता येईल का रे तिथे?"

"नाही गं, दगडसुद्धा वितळतात."

"मग शोधलास कशाला?" असं म्हणाली खरी, पण संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन येऊन गेले.

खात्री करायला मोठी दुर्बीण हवी होती. तिच्यावर निरीक्षणाची पाळी होती संस्थेत माझ्याच खोलीत बसणाऱ्या सहकारिणीची. त्या पाळीवर तिचा प्रबंध अडला होता. तिने जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

"घे माझी पाळी. ग्रह काय रोज सापडतो?"

नाही म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही.

मोठ्या दुर्बिणीतून तारा दिसला तो ढिम्म. उजेड तसूभरही कमी होईना.

"ग्रह कुठे गेला?" आमच्या गटाचे प्रमुख असलेल्या सरांनी विचारलं.

"दुर्बिणीत दोष असावा," मी ठणकावून सांगितलं.

सर खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. "ही फाईल कुठली उघडलीस?"

मी फाईलचं नाव वाचलं. चाचणीची फाईल होती. आमचा प्रोग्राम नीट चालतो का, हे तपासायला आम्ही खऱ्या ताऱ्याच्या नोंदींत एक खोटा ग्रह स्वतःच घालून ठेवतो. तो प्रोग्रामला सापडला म्हणजे सगळं ठीक. मी घातला होता, आणि काढायला विसरलो होतो. त्याचा आकार, त्याचं वर्ष, सगळं माझ्याच आवडीचं. देखणा वाटणारच.

"प्रोग्राम उत्तम चालतोय," एवढंच म्हणून सर उठले. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

सहकारिणीसमोर उभा राहिलो तेव्हा मान वर होत नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"खोटाच घालायचा होता, तर जरा मोठा का नाही घातलास? तो नाहीच, हे छोट्या दुर्बिणीतूनच कळलं असतं. माझी पाळी वाचली असती."

छोटा शोधला की कौतुक जास्त होतं, हे मी तिला सांगितलं नाही.