दोन तोंडांचा रेडा

शुक्रवारी दुपारी मालैने ओलं फडकं बाजूला केलं आणि ती मटकन खाली बसली. फडक्याखालच्या मातीच्या रेड्याला पुढे तोंड होतं. मागेही तोंड होतं.

"शेपूट कुठंय?" तिने विचारलं.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शाळा सुटली की ही सगळी बाजारपेठेतली पोरं विहाराच्या आवारातल्या खोलीत जमत. मालै त्यांचा अभ्यास घ्यायची, भांडणं सोडवायची, आणि हातात घेतलेलं काम पुरं करावं हे रोज न चुकता सांगायची. रेडा हे त्याच शिकवणीचं फळ होतं. एका गटाने पुढचा भाग करायचा, दुसऱ्याने मागचा, आणि शुक्रवारी दोन्ही जोडायचे असं ठरलं होतं.

"मागचा भाग कुणाकडे होता?"

नामवान नावाची चुणचुणीत मुलगी पुढे आली. "आमच्याकडं, ताई. पण शाळेत सगळे आम्हाला 'बूडवाले, बूडवाले' म्हणायला लागले. मग आम्ही पण तोंडच केलं."

"आणि मला कधी सांगणार होतीस?"

"ताई, आमचं तोंड त्यांच्यापेक्षा चांगलं झालंय."

ते खरंच होतं, आणि त्यामुळे मालैला जास्त राग आला. पण रागवायलाही वेळ नव्हता. खोली विहाराची होती. मोठे भन्ते औषधपाण्यासाठी बँकॉकला गेल्यापासून सगळा कारभार समितीचे अध्यक्ष थोंगखामकाका बघत होते, आणि काकांना त्या जागी गाड्या लावायला छप्पर हवं होतं. "तीन वर्षांत तुझ्या पोरांनी एक वस्तू पुरी केलेली मी पाहिली नाही," ते म्हणाले होते. "शनिवारी येतो. एक तरी पुरी वस्तू दाखव. नाहीतर किल्ली माझ्या हातात दे."

खोलीतला पंखा गेल्या उन्हाळ्यापासून बंद होता, तिथे माती वाळणं शक्य नव्हतं. पोरांनी रेडा उचलून बाहेर जुन्या पिंपळाखाली ठेवला. सकाळी लवकर येऊन मागचं तोंड कापायचं आणि तिथे कसंबसं बूड चिकटवायचं, असं ठरवून मालै घरी गेली.

सकाळी तिला स्कूटर फाटकातून आत नेता येईना. आवार माणसांनी भरलं होतं. उदबत्त्यांच्या धुरातून वाट काढत ती पिंपळाशी पोचली आणि जागच्या जागी थिजली. रेड्याच्या दोन्ही गळ्यांना रंगीत रेशमी कापडं बांधली होती. दोन्ही तोंडांसमोर नैवेद्याच्या लाल सोड्याच्या बाटल्या मांडल्या होत्या, प्रत्येकीत नळी घालून. फाटकाशी भाजलेली केळी विकणारी सायजाईमावशी रेड्याच्या पोटावर पावडर चोळत होती आणि डोळे बारीक करून त्यात लॉटरीचा आकडा शोधत होती.

"मावशी, हे काय चाललंय?"

"हळू बोल. पहाटे झाडायला आले तर हा मुळाशी उभा. जमिनीतून वर आलाय."

"अहो, हा आमच्या पोरांनी केलाय. काल माझ्यादेखत इथं आणून ठेवला."

मावशीने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "दोन तोंडांचा करा म्हणून तू सांगितलंस त्यांना?"

"छे. मी कशाला सांगू?"

"मग कुणी सांगितलं?"

आजूबाजूच्या बायांनी माना डोलावल्या. "त्यांना शाळेत बूडवाले म्हणून चिडवत होते," असं मालै सांगायला गेली, पण एवढ्या उदबत्त्यांपुढे ते वाक्य तिचं तिलाच पोरकट वाटलं.

तेवढ्यात थोंगखामकाकांची गाडी आली आणि मालैच्या जिवात जीव आला. काका जन्मभर पाटबंधारे खात्यात होते, मोजून मापून बोलणारा माणूस. ते ही गर्दी दोन मिनिटांत हाकलतील याची तिला खात्री होती. काका गर्दीतून पुढे आले. त्यांनी चष्मा पुसला. मग चपला काढल्या, गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं.

"पावडर कुणाकडे आहे?" काकांनी विचारलं. बराच वेळ चोळून झाल्यावर ते म्हणाले, "चार. आणि हा एक. एक्केचाळीस."

"काका, ते तडे आहेत. माती वाळली की पडतात."

"एक्केचाळीसचेच पडतात?"

"पण तुम्ही पोरांनी केलेली वस्तू बघायला येणार होतात ना? हीच ती."

"पोरी," काका मायेने म्हणाले, "देवाची वस्तू आपली म्हणून सांगू नये." आणि त्याच मायेने त्यांनी हात पुढे केला. "किल्ली दे. खोलीत भाविकांच्या चपला राहतील. पुढं तिथंच देऊळ बांधू."

मालैने किल्ली दिली. रविवारी पोरं कुंपणाबाहेर उन्हात गणितं सोडवत बसली. नामवान एकदा रेडा बघायला आत गेली, तर रांग मोडली म्हणून तिला परत पाठवलं. ती आली ती मात्र खुशीत.

"ताई, आमच्या तोंडासमोर जास्त बाटल्या आहेत."

मालैला हसू आलं नाही. संध्याकाळी ती घरी जाऊन चक्क रडली. पोरं दोन दिवस उन्हात बसतील, तिसऱ्या दिवशी बाजारामागच्या गेमच्या दुकानात जातील आणि मग कुणाच्याच हाती लागणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः त्याच बाजारात वाढली होती.

सोमवारी सोडत होती. गल्लीतल्या एकूण एक माणसाने एक्केचाळीसवर पैसे लावले होते. मावशीने कानातलं गहाण टाकून लावले, काकांनी किती लावले ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सगळे पिंपळाखाली रेडिओभोवती बसले आणि आकडा आला सत्तेचाळीस.

मग मावशी उठली आणि रेड्यासमोरची आपली केळी परत टोपलीत भरायला लागली.

"हा रेडा केला कुणी?" थोंगखामकाका ओरडले.

तीन दिवस मालै घसा फोडून सांगत होती तेव्हा एकानेही ऐकलं नव्हतं. आता सगळ्यांची बोटं तिच्याकडे वळली. कुंपणापलीकडून पोरं बघत होती. थाप मारायची नाही, हेही ती त्यांना रोजच सांगायची. आता खोली जाणार ती कायमची, हे तिला कळून चुकलं.

"पोरांनीच केला, काका," ती म्हणाली. "आणि धड केलेलाही नाही. एका गटाने पुढचा भाग केला. दुसऱ्याला बूड करायचं होतं, ते त्यांनी केलंच नाही. काम अर्धवट आहे. बूडच नाही त्याला."

"बूड नाही?"

काकांनी रेड्याभोवती एक फेरी मारली. मग उलट्या बाजूने दुसरी मारली.

"पुढचा चार बरोबर आला," ते सावकाश म्हणाले. "मागचा तेवढा चुकला."

मावशीने टोपलीतली केळी काढून परत रेड्यासमोर ठेवली. "अहो, मागचं नाहीच, तर मागचा आकडा येणार कुठून?"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. मालै पुढे सरसावली. "तसं नाही हो, काका, मी म्हणत होते ते..." एवढं बोलून ती थांबली. काका तिच्यासमोर हात जोडून उभे होते आणि त्या हातांत किल्ली होती.

"बूड किती दिवसांत होईल, ताई?" काकांनी विचारलं. आजवर त्यांनी तिला ताई म्हटलं नव्हतं. "पुढच्या सोडतीआधी?"

मालैने एकदा पोरांकडे पाहिलं.

"बुडाचं काम अवघड असतं, काका," ती म्हणाली, आणि यात थाप कुठेच नव्हती. "आणि ज्यांनी सुरू केलं त्यांनीच करायला हवं. रोज शाळा सुटल्यावर. खोलीत बसून. शिवाय पंख्याशिवाय माती काही धड वाळत नाही."

पंखा दुसऱ्याच दिवशी आला, नवा, छताला लावायचा. मावशी रोज पोरांना केळी पाठवायला लागली. शाळेत बूडवाल्यांचा भाव एवढा वाढला की पुढच्या गटातली पोरं गट बदलून मागायला लागली. त्या आठवड्यात नामवान कुणाशी भांडली नाही की खिडकीबाहेर बघत बसली नाही. शुक्रवारी तिने मालैला हाताला धरून नेलं आणि फडकं बाजूला केलं.

बूड झालं होतं. गोल, भरदार, आणि त्याला झुपकेदार शेपूट.

"पुरं केलं, ताई," नामवान म्हणाली. "तू सांगतेस तसं. वेळेच्या आधी."

मालैने खिडकीबाहेर पाहिलं. पिंपळाखाली थोंगखामकाका खुर्ची टाकून बसले होते, बूड कधी पुरं होतंय आणि खोली कधी मोकळी होतेय याची वाट बघत.

"सुरेख झालंय," मालै म्हणाली. मग तिने घसा साफ केला. "पण शेपूट जरा वाकडं वाटतंय, बाळा. मोड आणि परत कर. सावकाश कर, घाई कसली आहे?"