प्रोबेशनवरचा गावकरी

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मधुकर इंगळ्याने एके दिवशी स्वतःच्याच दारावर नोटीस लावली. सुवाच्य अक्षर, खाली सही, तारीख. "श्री. मधुकर इंगळे यांना आजपासून सहा महिन्यांकरिता परिविक्षाधीन ग्रामस्थ म्हणून नेमण्यात येत आहे. काम समाधानकारक आढळल्यास त्यांना गावी कायम करण्यात येईल." नेमणारा तोच, नेमला गेलेलाही तोच. प्रत माहितीसाठी मला, दाराच्या फटीतून.

मी ती प्रत हातात घेऊन वर गेलो.

"इंगळ्या, काय भानगड आहे ही?"

"भानगड नाही, प्रोबेशन," तो शांतपणे म्हणाला. "मुंबई सोडतोय मी. मातीत राहणार, झाडं लावणार. पण कोणालाही डायरेक्ट कायम करत नाहीत, परब. आधी सहा महिने इथंच गावासारखं राहून दाखवायचं. जमलं तर जायचं. रेकॉर्डवर घे."

'रेकॉर्डवर घे' हे त्याचं पालुपद. आम्ही दोघं विक्रोळीच्या एकाच कारखान्यातून रिटायर झालो. मी स्टोअर्समध्ये होतो आणि तो तेहेतीस वर्षं टाइम ऑफिसात. टाइम ऑफिस म्हणजे गेटजवळची ती खिडकी, जिथं प्रत्येक कामगाराची येण्याजाण्याची वेळ लागते. इंगळ्याच्या खिडकीसमोर दयामाया नव्हती. मॅनेजरच्या मेव्हण्यालाही त्याने लेट मार्क लावला होता. स्वतःच्या लग्नात सात मिनिटं उशिरा पोचला, तेव्हा भर मांडवात खिशातून डायरी काढून त्याने स्वतःलाच लेट मार्क लावला. मी बाजूलाच उभा होतो, म्हणून सांगतो. वहिनी त्या वेळी जी हसली, ती नंतरही तो किस्सा निघाला की हसायची. तिला जाऊन आता पाच वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली. घरात उरले दोघं, इंगळे आणि त्याची चौऱ्याऐंशी वर्षांची आई.

तर प्रोबेशन सुरू झालं. कलम एक, पंखा बंद. कलम दोन, पहाटे कोंबडा आरवल्यावर उठणे. त्यासाठी कोंबडा आणला आणि बाल्कनीत बांधला. पण आमच्या बाल्कनीसमोर महापालिकेचा मोठा दिवा आहे. त्या उजेडात बिचाऱ्याला दिवस कधी आणि रात्र कधी तेच कळेना. तो आरवायचा सकाळी सव्वादहाला. इंगळ्याने त्याला ओळीने तीन लेट मार्क लावले आणि चौथ्या दिवशी समोर उभं राहून तोंडी समज दिली. कोंबड्यात सुधारणा झाली नाही. शेवटी एका रविवारी आईनेच त्याची सेवासमाप्ती केली. रस्सा आमच्याकडेही आला होता, झकास होता.

कलम तीन जास्त महागात पडलं. गावात जमीन सारवतात, म्हणून हॉलची जमीन सारवायची. हॉलमध्ये टाइल्स होत्या, पण नियम म्हणजे नियम. इंगळे गोरेगावच्या तबेल्यातून पिशवीभर शेण घेऊन बसने आला. बसला तुफान गर्दी होती, तरी याला बसायला सीट मिळाली. शेजारची सीटही मिळाली, आणि पवई येईपर्यंत मागची सगळी बाजू त्याच्या एकट्याच्या मालकीची झाली.

टाइल्सवर शेण धरत नाही. वाळलं की त्याचे पापुद्रे निघतात, आणि ते धुवायला गेलं की पाणी खाली येतं. खाली म्हणजे माझ्या बाथरूमच्या छतावर. सुनंदाने, माझ्या बायकोने, जिन्यात उभं राहून त्याला जे सुनावलं ते चारही मजल्यांनी ऐकलं. इंगळे मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, तक्रार योग्य आहे. रेकॉर्डवर घेतली." मग रंगारी आणून त्याने आमचं छत नवं करून दिलं, आणि रंग वाळेपर्यंत रोज खाली येऊन तपासून गेला.

या सगळ्याचा खरा फायदा झाला तो आम्हाला. कारण वरचा पंखा बंद झाला त्याच दिवशी आईंनी आपली गोधडी काखेत मारली आणि त्या खाली आमच्याकडे आल्या. रोज अकरा ते सहा त्या आमच्या हॉलमध्ये पंख्याच्या बरोबर खाली बसायच्या. सुनंदाबरोबर मालिका बघायच्या, लसूण सोलायच्या. मुंबईत पन्नासेक वर्षं काढूनही त्यांची बोली बुलढाण्याचीच राहिली होती.

"मले थे शेण दाखवू नको म्हणा त्याले," त्या सुनंदाला सांगायच्या. "अर्धी जिंदगी माही शेणात गेली. आता फरशीवर बसू दे."

"पण आई, तो तुम्हालाही नेणार म्हणतोय ना गावाला?"

"मी तं नाई जात. त्याले जायचं तं जाय म्हणा."

इथंच घोडं अडलं होतं. आई आल्या तरच इंगळे जाणार होता. मी त्याला एकदा सुचवलंही की आईंना नागपूरला नातीकडे ठेव, नाहीतर आमच्याकडे राहू देत, सुनंदाला सोबत होईल.

तो म्हणाला, "तिला इथं टाकून मी तिकडे झाडं बघत बसू? नियमात बसत नाही. ती नाही म्हणाली तर माझं कन्फर्मेशन रद्द. इथंच राहीन." एवढं बोलून तो बाल्कनीतल्या मिरचीच्या रोपाकडे बघत राहिला. त्या रोपाला एकच मिरची लागली होती, आणि ती तोडायचा त्याला धीर होत नव्हता.

तरी जागा शोधणं चालू होतं. दर रविवारी माझी गाडी, माझं पेट्रोल आणि इंगळ्याने केलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन आम्ही मुरबाडच्या पुढं जायचो. तिथं भोईर नावाचा एजंट होता. मुंबईच्या माणसांना काय हवं असतं हे त्याला पाठ होतं. पहिल्या रविवारी त्याने आम्हाला ओढ्याकाठचा तुकडा दाखवला. मागं डोंगर, पुढं पाणी, मधे करंजाची मोठी झाडं. मी तर गाडीतून उतरल्या उतरल्या तिथंच आडवा झालो.

"एकदम शांतता साहेब," भोईर म्हणाला. "दिवसभर बसा, एक माणूस दिसणार नाही."

"माणूस दिसणार नाही?" इंगळे म्हणाला. "गाव कुठाय?"

"गाव लांब आहे साहेब, टेन्शन नाही. दोन किलोमीटर."

"मग रद्द."

पुढच्या रविवारी टेकडीवरची जागा. गार वारा, खाली भातशेती. इंगळ्याने विचारलं, "वेस कुठाय?" गावात शिरायची जुनी हद्द. भोईरने हात लांब करून दाखवलं. "म्हणजे ही जागा वेशीच्या बाहेर. रद्द." तिसऱ्या जागेला वाडी होती, विहीर होती, आंब्याची अकरा झाडं होती. इंगळे त्या फाटकापासून चावडीपर्यंत पावलं मोजत गेला. चारशे बावीस भरली. "लांब आहे," म्हणाला. भोईर माझ्याकडे बघून डोळे फिरवायला लागला.

असे पाच रविवार गेल्यावर माझं डोकं सटकलं. परतताना मी गाडी बाजूला घेतली.

"इंगळ्या, तुला निसर्ग पाहिजे की ग्रामपंचायत? झाडं पाहिजेत म्हणतोस आणि चावडी शोधतोस. माझ्या डोक्यावर शेणाचं पाणी पाडलंस, ते कशासाठी? अरे, आमच्या कोकणात ये. आमचं घर गावापासून इतकं लांब आहे, की कुत्रं भुंकलं तरी बरं वाटतं. वाट लागली यार माझ्या रविवारांची!"

त्याने सगळं ऐकून घेतलं. "तुझं बरोबर आहे," एवढंच म्हणाला. मला वाटलं, म्हातारपणी याचं डोकं फिरलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई नेहमीप्रमाणे पंख्याखाली होत्या. मी हसत हसत तक्रार केली, म्हटलं, तुमच्या लेकाला एक जागा पसंत पडत नाही, दर वेळी विचारतो गावाच्या आत आहे का बाहेर. आईंचा लसूण सोलणारा हात थांबला.

"बाहेरचं घर मले माहीत हाय बाप्पा," त्या म्हणाल्या. "आमचं गावातलं सारं आयुष्य वेशीच्या बाहेरच गेलं. गावाचं सांडपाणी जिकडं वाहे, तिकडं आमची घरं. बाजाराले जायचं तं गावातून नाई जायचं, पांदीच्या रस्त्यानं वळसा घालून जायचं. डोक्यावर भारा, पोटात हा मधुकर. म्हणून मी त्याले म्हनलं होतं, आता गाव नको मले. गाव आमचं नसतेच."

मालिकेतली सासू मोठ्यांदा रडत होती. सुनंदाने टीव्ही बंद केला.

मला माझीच लाज वाटली. माझ्या गावाचं नाव निघालं की मला फणस आठवतो, ओहोळातली आंघोळ आठवते. आमचं घर लांब आहे, कारण माझ्या आजोबांना एकांत आवडायचा. घर कुठं बांधायचं हे त्यांनी ठरवलं होतं. इंगळ्याच्या आजोबांसाठी ते दुसऱ्यांनी ठरवलं होतं. तेहेतीस वर्षं एका डब्यातून जेवलो आम्ही, आणि हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी वर जाऊन मी एवढंच म्हणालो, "पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं?"

"सहा," तो म्हणाला. "सहा म्हणजे सहा."

सहाव्या जागेवर तो 'पसंत' म्हणाला. अशी जागा विकताना भोईरसुद्धा ओशाळला. गावाच्या ऐन मधोमध जुनं कौलारू घर. समोर डांबरी रस्ता आणि एसटीचा थांबा, पलीकडे ग्रामपंचायत, डाव्या हाताला पिठाची गिरणी, ती सुरू झाली की घरात बोललेलं ऐकू येत नाही. मागं मात्र छान परस होतं. एक आंबा, दोन सीताफळं, शेवगा, आणि झाडं लावायला भरपूर मोकळी माती. समोर रस्त्याला लागून उंच, रुंद ओटा. इंगळे रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ त्या ओट्याकडे बघत राहिला. या वेळी त्याने पावलं मोजली नाहीत.

व्यवहार झाला, कौलं बदलली, प्रोबेशनचे सहा महिने संपत आले. राहिल्या होत्या फक्त आई. इंगळ्याने त्यांना घराबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. "एक दिवसाचा गेट पास समज," म्हणाला. "बघ आणि परत ये."

"पंखा हाय का तिथं?"

"दोन लावलेत."

"मंग पाहुणी म्हणून येतो. राहाले नाई."

रविवारी मी दोघांना घेऊन निघालो. शेवटच्या वळणावर गावाची कमान आली, तशा आई सीटवरून पुढं सरकल्या. उजवीकडे एक कच्चा रस्ता गावाला वळसा घालून जात होता. त्या बोट दाखवून म्हणाल्या, "इकडून ना?" मी गाडी सरळ कमानीतून आत घातली. चावडी गेली, देऊळ गेलं, दुकानं गेली. आई एकदा त्या बाजूला बघत होत्या, एकदा या बाजूला. घरासमोर गाडी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "हे कोणाचं घर हाय?"

"आपलं," इंगळे म्हणाला.

आई गाडीतून उतरल्या. आत गेल्या, पंखे लावून बघितले, परसात जाऊन आंब्याच्या खोडावर हात फिरवला, आणि बाहेर येऊन ओट्यावर टेकल्या. आम्ही दोघं दारात उभे होतो. तेवढ्यात रस्त्याने पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा आला. आईंचा हात एकदम डोक्यावरच्या पदराकडे गेला, दुसरा हात गुडघ्यावर, आणि त्या उठायला लागल्या.

इंगळे माझ्या कानाशी म्हणाला, "आमच्या गावात वरचं कोणी आलं, की आमच्या बायांनी उठून बाजूला व्हायचं. सात वर्षांचा होईपर्यंत मी रोज पाहिलंय." त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. तो पुढं झाला आणि त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "बस आई."

म्हातारा मोबाइलवर कोणालातरी खताच्या गोणीवरून झापत होता. त्याचं इकडे लक्षही नव्हतं. तो तसाच ओरडत पुढं गेला.

मग दळण घेऊन दोन बाया आल्या. आई अर्धवट उठल्या आणि परत बसल्या. मग मोटरसायकलवरून एक जण गेला. मग एसटी आली, सात-आठ माणसं उतरली आणि समोरून गेली. आई हलल्या नाहीत. एकीने थांबून विचारलं, "नवीन आलाव का आजी?" आई म्हणाल्या, "हो." ती म्हणाली, "या चहाला," आणि निघून गेली. आईंनी हळूहळू दोन्ही पाय लांब केले आणि रस्त्याच्या बाजूला पसरले.

मला तिथं उभं राहवेना. मी उगाच परसात जाऊन शेवग्याच्या शेंगा बघून आलो. येऊन बघतो तर ओट्यावर कडक ऊन आलं होतं.

"आई, आत चल," इंगळे सांगत होता. "ऊन लागतंय. पंखा लावलाय."

"बसू दे रे," त्या म्हणाल्या. "कोणी उठ म्हणालं का?"

"नाही."

"मंग. तू जाय अन् माही गोधडी घेऊन ये मुंबईहून. कपडे बी आणजो."

इंगळ्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, परत काढला. गोधडीसाठी मीच जाऊन येतो म्हटलं, तर त्याने मान डोलावली. गिरणी सुरू झाली होती, त्यामुळे बोलण्यात तसाही अर्थ नव्हता. तो आईशेजारी उन्हात बसला आणि त्यानेही पाय पसरले.