बेअरिंगचा आवाज

नवी मोटारसायकल दारात आली त्या दिवशी रेडिओवाल्या काकांनी साऱ्या गल्लीला ऐकवलं, की गाडी डोळ्यांनी घ्यायची नसते, कानांनी घ्यायची असते. माणूस बढाईखोर खरा, पण बढाईला आधार होता. बिघडलेला रेडिओ नुसता कानाशी धरून ते दोष सांगत, म्हणून लोक त्यांना कानसेनच म्हणायचे. शोरूममधल्या सगळ्या गाड्या चालू करायला लावून त्यांनी ही एक निवडली होती. इंजिन कसं लोण्यासारखं आहे, हे ते दुधवाल्यालासुद्धा सांगून मोकळे झाले.

काकूंना मात्र गाडी नकोच होती. काकू ग्रंथपाल. लोकांना गप्प बसवण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. त्यांनी नुसती भुवई उचलली तरी वाचनालयातली माणसं आलेला खोकला गिळत. या वयात कसली थेरं, आपली बस काय वाईट आहे, असा त्यांचा धोशा होता. शेवटी मोठ्या मिनतवारीने त्या तयार झाल्या, पण अट घालूनच.

"गाडीने एकदा जरी कुरकुर केली, तर विकायची. मी आपली बसने जाईन."

काकांनी घाईघाईने हो म्हणून टाकलं. लग्न झाल्यापासून दोघं रोज सकाळी दोन दिशांच्या दोन बस पकडत आली होती. बायकोला मागे बसवून कामावर सोडायचं, एवढ्याचसाठी तर गाडीचा सगळा घाट घातला होता.

पहिल्या सकाळी गाडी काय पळाली! क्लच मऊ, गिअर अलगद पडणारे, खड्डासुद्धा गादीवर बसल्यासारखा लागला. मागे काकू डोकं पूर्ण झाकणारं हेल्मेट घालून ताठ बसलेल्या. नदीकाठचा मोकळा रस्ता लागला, काकांनी जरा वेग वाढवला, आणि कुठून तरी आवाज आला. कुंईऽऽ कुंईऽऽ. सिग्नलला गाडी थांबली तसा आवाजही थांबला. पुढे गाडी सुटली की परत सुरू.

काकांच्या कानांनी लगेच निदान केलं. वेगात येतो, थांबलं की जातो, म्हणजे बेअरिंग. काकूंना कळायच्या आत दुरुस्त करायला हवं होतं. त्यांनी संध्याकाळी चेनला तेल पाजलं, चाक खोलून परत बसवलं. एकटे फेरी मारून आले तर गाडी मुकी. मग ओझ्याने होत असेल म्हणून पोत्यासारख्या मेहुण्याला मागे बसवून आणलं. तरी चूं नाही. दुसऱ्या दिवशी काकू मागे बसल्या, की नदीकाठी कुंईऽऽ हजर!

"अगं, तू जरा उजवीकडे सरकून बसतेस का?" त्यांनी विचारलं.

"का? माझं वजन जास्त झालंय?" काकू म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच संपला.

सुट्टीच्या दिवशी हवा भरायचं निमित्त करून काकांनी गाडी मेकॅनिककडे नेली. काकू मागे होत्याच. त्या जरा लांब उभ्या आहेत असं बघून काकांनी बेअरिंगच्या आवाजाचं वर्णन सुरू केलं. गंजलेल्या बिजागरीसारखा, नाही, दारात मांजर चेंगरल्यासारखा म्हणा. मेकॅनिक म्हणाला, तुम्ही दोघं चालवा, मी दुसऱ्या गाडीवर शेजारून येतो. मोकळ्या रस्त्यावर तो अगदी जवळ आला, कान टवकारले आणि हसू दाबत थांबायची खूण केली.

"काका, गाडी झकास आहे. काकू गातायत."

काकूंनी हेल्मेट काढलं. चेहरा लालबुंद. दिवसभर शांतता राखणाऱ्या बाईला गळा मोकळा करायला साऱ्या जगात हेल्मेटच्या आतली ती एकच जागा सापडली होती, आणि तिथलं काही बाहेर ऐकू येत नाही अशी तिची पक्की समजूत होती.

"मांजर काय?" एवढंच त्या म्हणाल्या. लांबून त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या तशाच बस थांब्याकडे चालत निघून गेल्या.

मग काकू रोज बसने आणि काका रोज मोटारसायकलवर एकटे. इंजिन लोण्यासारखं चालत होतं, पण काकांना ते लोणी गिळवत नव्हतं. नदीकाठ आला की कान आपोआप मागे जायचे. अखेर एका संध्याकाळी ते थेट वाचनालयात शिरले आणि भर शांततेत म्हणाले, "गाडी बिघडलीय. आवाजच येत नाही."

"हळू बोला," काकू पुटपुटल्या.

"नाही बोलणार. चुकलो मी. मला तो आवाज परत हवाय."

सगळ्या वाचकांनी पुस्तकांवरून माना वर केल्या. काकूंनी भुवई उचलली, पण ती टिकली नाही. त्यांनी कपाटाला कुलूप घातलं आणि हेल्मेट मागून घेतलं.

नदीकाठ आला. मागे सगळं चिडीचूप. काकांनी भीत भीत विचारलं, आज काही नाही का?

"बेअरिंग बदललं," मागून उत्तर आलं.

काका चढाला लागले. अर्ध्यावर गाडीने जोर धरला आणि हळूच सुरू झालं, कुंईऽऽ. पुढे सिग्नल लागला, गाडी थांबली, पण आज आवाज काही थांबला नाही. शेजारच्या स्कूटरवरचा माणूस दचकून वळला.

"काका, तुमच्या गाडीचं बेअरिंग गेलंय. बदलून घ्या."

"ओरिजिनल आहे," काका म्हणाले. "बदलायचं नाही."

पाठीत एक सणसणीत चिमटा बसला. सिग्नल सुटला आणि घराचं वळण डावीकडे असताना कानसेनांनी गाडी उजवीकडे, लांबच्या रस्त्याला घातली.