भाऊजींची मॉडेल

एकदा मी शेलूबाजारहून मेडशीला एका जिवाशी भांडायला गेले होते. त्या जिवाला मेंदू नव्हता, हाड नव्हतं, कानही नव्हते. त्याला हाकलून द्यायचं भाषण मात्र मी पाठ करून नेलं होतं. तेव्हा मी कोवळ्या पासष्टीची होते. अक्कल यायचं वय नव्हतं ते.

मधुकरभाऊजी हे माझे धाकटे दीर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. माझी जाऊ कुसुम वारल्यापासून मेडशीच्या घरात एकटेच. माणूस मुळातलाच तऱ्हेवाईक. स्वतःच्या लग्नात हळदीच्या हातानं गांडूळ उचलून, "पाहा त खरं!" करत अख्ख्या पंगतीला त्याचं पोट समजावून सांगितलं होतं यांनी. जिलबी तशीच उरली.

तर एक दिवस पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. "मोठ्याई, बाबानं घरात मॉडेल ठेवली म्हणते."

"कोणती मॉडेल रे?"

"मले काय मालूम! फोनवर म्हणे, नाजूक आहे, आरपार दिसते, दिवसभर तिलेच पाहत बसतो. गाव हसून राह्यलं. मी घराले कुलूप लावतो अन् बाबाले इकडं आणतो."

म्हातारा माणूस पुण्याच्या फ्लॅटात म्हणजे कुंडीतलं चिंचेचं झाड. पण मॉडेल? मी भांडणासाठी राखून ठेवलेली जाड काठाची साडी नेसले आणि निघाले.

ओसरीवर दोन म्हातारे चहा पीत बसले होते. एकानं तर चक्क दाढी केली होती. माझा संशय पक्का झाला.

"कुठाय ती?" मी दारातूनच गरजले.

"कोण? मॉडेल?" भाऊजींचा चेहरा फुलला. "या ना वहिनी, पाहा त खरं!"

फळीवर कुसुमच्या लोणच्याच्या बरण्या. आत मिठाचं पाणी, आणि तळाशी शेवईच्या खिरीतून निसटल्यासारखा एक एक पांढुरका तुकडा, डोक्यावर दोऱ्यांचा झुबका.

"हे?"

"समुद्रफूल! नाव फुलाचं, पण जनावर आहे. माह्या एका विद्यार्थिनीनं प्रयोगशाळेतून देल्लं. याले कापलं त दोन होतात. खालच्या अर्ध्याले नवीन तोंड फुटते. ते कसं फुटते, हे पाहासाठी जगभरचे शास्त्रज्ञ याले पाळतात. एकाले पाहून बाकी जिवांचं समजून घ्याचं, म्हणून मॉडेल!"

माझं भाषण ऐकायला समोर कानच नव्हते. पण हार मानीन ती मी कसली? विचारलं, "मेंदू?"

"नाई."

"तोंडं किती?"

"एकच. खाते तिथूनच, अन् टाकतेही तिथूनच."

"अशा चार बाया आमच्या गल्लीत आहेत," मी म्हटलं. "त्याहिले पाहाले कोणी शास्त्रज्ञ नाई आला."

आमच्यामागून आत आलेला तो दाढी केलेला म्हातारा ठसकला. मग भाऊजींनी त्या फुलाला बारीक झिंग्यांची पिलं चारली. दोऱ्या हळूच मिटल्या, घास आत गेला. नंतर तासभर मी स्टुलावर तिथंच. भांडायला आलेली बाई "अजून एकदा चारा ना!" म्हणत होती.

निघण्याआधी पुण्याला फोन लावला. भाऊजी पदराआडून ऐकावं तसे दाराआड उभे.

"पाह्यली रे मॉडेल. डोकं नाई, पण आपल्या घराण्यात सुना करताना ते कोणी पाह्यलं होतं? पोरगी बरणीत राह्यते, उलटून बोलत नाई. कुलूप तुह्या कपाटाले लाव. माणूस इथंच राहीन."

दाराआडून भाऊजींनी एवढा मोठा श्वास सोडला की पडदा हलला.

चप्पल घालता घालता मी म्हटलं, "काहो भाऊजी, समुद्रफूल हे एवढं चांगलं नाव असताना गावभर मॉडेल, मॉडेल कायले करता? इज्जत जात होती ना!"

ते एक बरणी पुसत होते. पुसून झालेली बरणी पुन्हा पुसत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वर्षभर समुद्रफूलच म्हणत होतो, वहिनी. कोणी पाहाले आलं नाई. मॉडेल म्हणाले लागलो, तवापासून शेगडीवर चहाचं मोठं गंज ठेवा लागते."