विश्वासाचे दोन कॉम्प्युटर आणि एक पंखा

पेणच्या अ‍ॅडव्होकेट दामोदर टिपणीस यांच्या कार्यालयातला कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटं लागत, आणि ही अकरा मिनिटं कामकाजात रीतसर धरलेली होती. बटण दामोदरराव स्वतः दाबत. पहिल्या चार मिनिटांत टायपिस्ट विमलबाई चहा टाकत. पुढच्या चारात दामोदरराव पेपरातल्या निधनवार्ता वाचून कोण गेलं ते जाहीर करत. उरलेल्या तिनात त्यांची वकील मुलगी लतिका म्हणे, "बाबा, हे भंगार विकू या." यंत्राची सोळा वर्षं सेवा झाली होती. त्याचं डावीकडचं झाकण कायमचं काढलेलं होतं आणि त्या उघड्या कुशीवर एक टेबलफॅन रोखलेला होता. पंखा दोनवर असला की टायपिंग चाले, तीनवर केला की छपाई होई. माणसांकडे तो वळवायची परवानगी मे महिन्यातही नव्हती.

एप्रिलमधल्या त्या मंगळवारी निडीजवळच्या वाडीवरची भागी वाघमारे आली होती. तिच्या वनहक्काच्या दाव्याची रोह्याला सुनावणी होती आणि तिचं लेखी म्हणणं तयार करायचं होतं. दामोदररावांची या बाबतीत एक पद्धत होती. ते मजकूर सांगत, विमलबाई टाइप करत, मग ते तो पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवत आणि म्हणत, "आता तुम्ही सांगा." पक्षकाराने आपलं म्हणणं जसंच्या तसं परत सांगितल्याशिवाय ते कागदावर अंगठा घेत नसत. टिपणीस वकिलाकडे केस देणं म्हणजे पुन्हा शाळेत नाव घालणं, असं डोलवीपासून रोह्यापर्यंत लोक म्हणत. भागी शाळेत कधीच गेलेली नव्हती, त्यामुळे तिने दीड पान एका दमात म्हणून दाखवलं.

छपाईला घेतल्यावर कॉम्प्युटर अडला. पंखा तीनवर करूनही हलेना.

"दोन नवे घेऊन टाक," दामोदरराव लतिकाला म्हणाले. "एक इथं, एक रोह्याच्या ऑफिसला. पण विश्वासाचे घे."

"बघू."

"बघू नको, घे. मुंबईचं चांगलं चाललेलं सोडून इथं आलीस माझ्यापायी. अडकवलं मी तुला. निदान या खटाऱ्यापुढे तरी जन्म जायला नको."

हे अडकवल्याचं वाक्य ते नऊ वर्षं महिन्यातून एकदा म्हणत आले होते. त्याला लतिकाकडे एक उत्तर तयार होतं. चांगलं, दोन ओळींचं. ते तिने त्यांच्या पंचाहत्तरीसाठी राखून ठेवलं होतं. हॉल, शाल, नारळ, माइक असं सगळं जमलेलं असताना. त्यामुळे त्या दिवशीही ती म्हणाली, "बघू."

"छपाई उद्या करू," म्हणून दामोदरराव उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढीचं पाणी काढून ठेवलं. ते तसंच गार झालं.

सुनावणी पुढे ढकलली गेली. कार्यालय पंधरा दिवसांनी उघडलं, आणि लतिकाने ठरवलं की बाबांचा शेवटचा शब्द मोडायचा नाही. कॉम्प्युटर घ्यायचे आणि विश्वासाचे घ्यायचे. याकामी तिने बाबांचे मित्र कमळाकरकाका यांना बोलावलं. काका एका सरकारी भांडारातून तेहतीस वर्षं खरेदी करून निवृत्त झाले होते. त्यांच्या कारकिर्दीत एकही वस्तू खराब झाल्याची नोंद नव्हती, कारण एकही वस्तू भांडाराबाहेर गेल्याची नोंद नव्हती.

समिती स्थापन झाली. अध्यक्ष कमळाकर, सचिव लतिका, वापरकर्त्यांच्या प्रतिनिधी विमलबाई.

"प्रथम विश्वासार्ह या शब्दाची व्याख्या," अध्यक्ष म्हणाले. "जो संगणक किमान दहा वर्षं न बिघडता चालला, तो विश्वासार्ह. लिहा विमलबाई."

विमलबाईंनी एव्हाना गार होऊन पुन्हा चालू झालेल्या जुन्या कॉम्प्युटरवर, पंखा दोनवर ठेवून, व्याख्या टाइप केली. ती घेऊन समिती बाजारपेठेतल्या भरतच्या दुकानात गेली.

"काका, हे मॉडेल मार्चमध्ये आलंय," भरत म्हणाला. "ह्याला दहा वर्षांचा दाखला कुठून आणू?"

"मग दहा वर्षांपूर्वीचं दाखवा."

"ते बंद झालं."

"का?"

"चालत नाय आता."

"म्हणजे अविश्वसनीय. नोंद घ्या."

"तीन वर्षांची वॉरंटी देतो ना, काका."

"म्हणजे तीन वर्षांत बिघडणार, हे कंपनीला आधीच ठाऊक आहे."

भरतने लतिकाकडे पाहिलं. "ताई, दहा वर्षं चाललेलाच पायजे तर तो तुमच्याकडे हाय. पंखा लावलेला."

जून, जुलै बैठकांत गेले. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त जुन्यावर तयार होई आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करण्यात पुढची संपे. हे सगळं कुठे चाललंय ते लतिकाला दिसत होतं; ती वकील होती, तारखा कशा पडतात हे तिला कोणी शिकवायला नको होतं. पण नवे आले की जुना टेबलावरून हलवावा लागणार होता. त्या टेबलामागे बाबांची खुर्ची होती. लतिकाने आणखी तीन बैठका लावल्या. भागीचा कागद मात्र जुन्यावर छापू दिला नाही. "नव्यावर काढू, स्वच्छ येईल," ती म्हणाली, आणि तसा ठराव झाला.

व्याख्येचा मुद्दा प्रलंबित ठेवून गणपतीच्या आधी दहा दिवस दोन कॉम्प्युटर आले. विमलबाईंनी त्यांना हळदकुंकू वाहिलं. रोह्याचं ऑफिस फक्त गुरुवारी उघडत असल्याने उरलेले सहा दिवस तिथल्या यंत्राकडे कोण बघणार, असा प्रश्न अध्यक्षांनी उपस्थित केला आणि रोह्याचा कॉम्प्युटरही पेणलाच ठेवायचं ठरलं. सबंध पेण त्या दिवसांत मूर्तींच्या रंगकामात असतं, वारा मूर्तिकारांच्या जोहे गावाकडून आला की धूळही येते, म्हणून मूळ प्लास्टिक काढायचं नाही असं ठरलं. त्यावर शिंप्याकडून गवसणी शिवून आणली. विजेचा भरवसा नाही म्हणून बॅटरी आणली. बॅटरीवर ताण नको म्हणून तिला कॉम्प्युटर जोडला नाही. बॅटरी अखंड चालू राही आणि दर अर्ध्या तासाने एकदा वाजे. तेव्हा सगळे समाधानाने तिकडे पाहत.

ज्या वाचकांच्या घरी टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे, त्यांनी इथे हसू नये. समितीने त्यांचाच आदर्श समोर ठेवला होता.

वापराला मनाई नव्हती. वापरासाठी तीन प्रतींत अर्ज होता, तो जुन्या कॉम्प्युटरवर टाइप करायचा होता. विमलबाईंनी एकदा केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'टायपिंग'. अध्यक्षांनी शेरा मारला, 'टायपिंगसाठी जुना उपलब्ध. नामंजूर.'

"माझ्या नवऱ्याने तीस वर्षांत इतकं लेखी कधी नाकारलं नाही मला," विमलबाई म्हणाल्या, आणि अर्ज फायलीला लावला.

अखेर सप्टेंबरातला दमट उकाडा लक्षात घेऊन अध्यक्षांनी शेवटचा ठराव केला: कार्यालयातला एकमेव पंखा नव्या संगणकांकडे वळवावा. पंखा वळला. तीनवर.

आणि गुरुवारच्या सुनावणीच्या आदल्या दुपारी भागी आली.

"ताय, माझा कागद?"

लतिकाने जुन्याचं बटण दाबलं. अकरा मिनिटं झाली, मग तेरा. भागीच्या नावाची फाइल दिसली. विमलबाईंनी ती उघडायला घेतली, आणि उघड्या कुशीतून आधी वास आला, मग काहीच आलं नाही. सवयीने त्यांचा हात पंख्याकडे गेला. पंखा खोलीच्या दुसऱ्या टोकाला दोन गवसण्यांवर वारा घालत होता.

लतिकाने कमळाकरकाकांना फोन लावला. ते नाशिकला मुलीकडे गेले होते.

"काका, जुना गेला. नवा उघडू?"

"जरूर. रीतसर अर्ज कर."

"कशावर?"

"हा मुद्दा समितीपुढे आलेला नव्हता," काका म्हणाले.

लतिकाने फोन ठेवला, टेबलावरची कात्री घेतली आणि गवसणी उभी फाडली. मग प्लास्टिक. नवा कॉम्प्युटर नऊ सेकंदांत सुरू झाला. विमलबाई चहा टाकायला उठल्या होत्या, त्या दारातूनच परत आल्या. आता चहा केव्हा प्यायचा, हे कोणालाच कळेना.

"पण मजकूर तर जुन्यात," लतिका म्हणाली. "भागीबाई, बाबांनी काय काय घातलं होतं ते मला आठवत नाही. तारखा होत्या, गट नंबर होते..."

"मंग मी सांगते ना," भागी म्हणाली. "वकीलसाहेबांनी पाठ करून घेतलेलं. इसरू नाय म्हणून रोज म्हणते. नवरा माझा, बुधा, बोलतो, मेल्यावर तरी गप ऱ्हाशील का."

ती उभी राहिली, पदर नीट केला.

"अर्जदार भागी बुधा वाघमारे लिहून देते की, सदरहू जमिनीत अर्जदाराचे सासरे व त्यांचे वडील यांच्यापासून नाचणी व वरी पिकवण्याची वहिवाट हाय. बांधावर आंब्याची सात झाडं असून पैकी एक वीज पडून अर्धं जळालेलं हाय..."

विमलबाईंची बोटं चालू झाली. लतिका मात्र लिहून घ्यायचं विसरली. स्वल्पविरामाला बाबा जसे थांबत, तशीच भागी थांबत होती. आकडे ते दोनदा सांगत, तीही दोनदा सांगत होती. दुसऱ्या परिच्छेदाच्या मधे ती बारीक खोकली.

"हितं वकीलसाहेब खोकलेले," ती म्हणाली. "ते लिहायचं नाय."

"नाही लिहिलं," विमलबाई म्हणाल्या आणि चष्मा पुसला.

"सबब अर्जदाराचा दावा मंजूर व्हावा ही इनंती. संपलं."

दीड पान स्वच्छ छापून आलं. लतिकाने ते मोठ्याने वाचून दाखवलं, भागीने परत म्हणून दाखवलं, कागदावर अंगठा उठला. सकाळच्या गाडीने दोघींनी रोह्याला जायचं ठरलं. भागी बोटावरची शाई पुसत दामोदररावांच्या खुर्चीकडे बघत होती.

"साहेब त्या दिशी जिन्यात भेटले मला. बोलले, भागी, तुझं काम होईल. पण माझी पोरगी माझ्यापायी हितं अडकली, तेवढं जिवाला लागतं." तिने लतिकाकडे पाहिलं. "खरं गो? अडकलीस?"

"नाही."

"मंग त्यांना बोलली व्हतीस?"

टेबलाखाली फाडलेलं प्लास्टिक पंख्याच्या वाऱ्याने वाजत होतं.

"आमच्याकडून येवढं पाठ करून घेतलं," भागी म्हणाली. "आता तू सांग."

लतिका उठली. तिने पंखा उचलला, होता तिथे आणून ठेवला आणि बंद पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरकडे, म्हणजे खुर्चीकडे, वळवला. विमलबाईंनी सवयीने बोटं कळफलकावर ठेवली.

"टाइप करू?"

"नको," लतिका म्हणाली. हॉल नव्हता, माइक नव्हता. तिने घसा साफ केला.

"बाबा, मी अडकले नव्हते. तिकडे मुंबईत कोणी मला पूर्ण ऐकून घेत नव्हतं, म्हणून मी तुमच्यासमोरच्या टेबलाशी येऊन बसले, आणि मला तिथंच बसायचं होतं. हे कधीचं तयार होतं, पण चांगल्या दिवसासाठी ठेवलं होतं."