वानखडे सिस्टरांचा रविवारचा वर्ग

सकाळी दार उघडलं तर एक अनोळखी बाई माझ्या अंगणात गुलाबाची कुंडी उलटी करून बसलेली. माती पायरीवर, गुलाब त्यांच्या हातात, मुळं उघडी.

"असे काहून पाहून राह्यले? पेशंट सीरियस आहे," त्या म्हणाल्या. "रोज पाणी ओतून मुळं सडवली तुम्ही. सलाईन बंद! अन् सुरी आणा."

मी मुकाट्यानं सुरी आणली.

या वानखडे सिस्टर. दवाखान्यातून निवृत्त होऊन पुसदला आमच्या गल्लीत तेव्हा नव्यानं आलेल्या, एकट्या. पिवळं पान दिसलं की फाटकाची कडी काढून सरळ आत. एकदा शेजारच्या देशमुखकाकू पूजेला बसल्या असताना यांनी त्यांची तुळस अर्धी छाटून टाकली. काकूंची किंकाळी चार घरं पलीकडे ऐकू गेली. महिनाभरानं तीच तुळस अशी भरगच्च फुटली की काकू स्वतःच सिस्टरांना म्हणाल्या, "मलेबी शिकवा ना हे."

तिथून वर्ग सुरू झाला. दर रविवारी कुणाच्या तरी अंगणात, फुकट. अट एकच. "शिकलं त्यानं दोघायले शिकवायचं. नाही तं माझा टाइम वापस द्या!"

टाइम वापस देणं कुणाला जमणार? काकूंच्या बहिणीनं ढाणकीला वर्ग काढला, तिच्याकडे शिकलेल्या तिच्याच सुनेनं बाभुळगावला. आणि मी, जन्मभर बँकेत मान खाली घालून बसलेला माणूस, एके दिवशी शाळेतल्या साठ पोरांपुढे शेणखतावर तावातावानं बोलत होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिचा विश्वास बसेना. माझाही बसत नव्हता.

गेल्या रविवारी सिस्टर आल्याच नाहीत. असं कधी झालं नव्हतं. मी त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. अंगात ताप होता. दार उघडून त्या खुर्चीत टेकल्या. मी अंगणाकडे पाहिलं आणि हबकलोच. नुसती फरशी. एक कुंडी नाही, तुळससुद्धा नाही.

"सिस्टर, तुमच्याकडे एकही झाड नाही?"

त्या पदराचं टोक चाळवत राहिल्या.

"मी घरी झाडं लावून बसली, तं लोकायच्या दारात कोणत्या निमित्तानं येऊ, भाऊ?"

मी आत जाऊन चहा ठेवला. तो उकळेपर्यंत काही बाहेर आलो नाही.